वीस अंकी संख्या वहीवर कशी फोडायची: १८४४६७४४०७३७०९५५१६१५

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत गेलं तर एकूण दाणे किती, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. राजाचं कोठार रिकामं होतं आणि गोष्ट संपते. पण उत्तर म्हणून जी संख्या येते तिच्याकडे कोणी थांबून बघतच नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ती आतून फार सुंदर आहे आणि मुख्य म्हणजे ती पूर्ण फोडता येते, म्हणजे मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडता येते, हातानं, नववी-दहावीच्या गणितावर. चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि एक निवांत दुपार पाहिजे. कॉम्प्युटर शेवटी पडताळायला काढा, आधी नको.

आधी छोट्या संख्यांवर हात बसवा. आम्ही ग्वाल्हेरचे, त्यामुळे मी कोणालाही हे शिकवताना किल्ल्यावरूनच सुरुवात करतो. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, एकाच खडकात कोरलेलं, छोटंसं, बरेच लोक शेजारून निघून जातात. आतल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३ म्हणजे इ.स. ८७६ ची नोंद आहे: देवाच्या फुलांसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग, आणि रोज ५० माळा. यातल्या २७० आणि ५० मधलं शून्य हे भारतात दगडावर कोरलेल्या शून्याच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक आहे, लहान गोल, आणि २७० तर आजच्या माणसालाही सहज वाचता येतो. तिथे गेलात तर मोबाईलचा टॉर्च घेऊन नीट बघा.

आता याच संख्या घ्या. ९३३ च्या अंकांची बेरीज १५, तिला ३ नं भाग जातो पण ९ नं नाही, म्हणून ९३३ ला पण ३ नं जातो, ९ नं नाही: ३ × ३११. १८७ ला ११ ची कसोटी लावा, उजवीकडून एक अंक अधिक एक उणे: ७ − ८ + १ = ०, म्हणजे ११ नं भाग जातो, १८७ = ११ × १७. २७० तर सरळच, २ × ३ × ३ × ३ × ५. या दोन कसोट्या, ९ ची आणि ११ ची, तोंडावर बसल्या पाहिजेत, पुढे सगळं काम त्यांच्यावर आहे.

आता मोठी संख्या तयार करू. १ + २ = ३ म्हणजे ४ पेक्षा एक कमी, १ + २ + ४ = ७ म्हणजे ८ पेक्षा एक कमी, असंच पुढे, म्हणून ६४ घरांची बेरीज म्हणजे दोन स्वतःशी ६४ वेळा गुणून आलेल्या संख्येपेक्षा एक कमी. इथून पुढे मी २^६४ असं लिहीन, म्हणजे २ चा ६४ वा घात. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायची गरज नाही. पिंगळाचार्यांनी वृत्तांमधल्या लघु-गुरूंच्या मांडण्या मोजायला जी रीत दिली तीच वापरा: घात निम्मा होत असेल तर निम्मा करा, नसेल तर एक वजा करा, आणि मग उलटं येताना निम्म्याच्या जागी वर्ग आणि एक वजा केलेल्या जागी दुप्पट. ६४ तर निम्मा-निम्मा होत सरळ १ वर येतो, म्हणून २ पासून निघून फक्त सहा वर्ग करायचे:

२, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि मग याचा वर्ग.

पहिले पाच तर चुटकीसरशी होतात. शेवटचा दहा अंकी संख्येचा वर्ग आहे, तिथे लोक हात टेकतात, पण दोन तुकडे केले की काही कठीण नाही. ४२९४९ आणि ६७२९६ असे पाच-पाच अंकांचे तुकडे करा आणि (अ + ब) वर्गाचं सूत्र लावा.

४२९४९ चा वर्ग: ४३००० मधून ५१ कमी, म्हणून १८४९०००००० − ४३८६००० + २६०१ = १८४४६१६६०१
दोन्हींच्या गुणाकाराची दुप्पट: ८५८९८ × ६७२९६ = ५७८०५९१८०८
६७२९६ चा वर्ग: ६७३०० मधून ४ कमी, म्हणून ४५२९२९०००० − ५३८४०० + १६ = ४५२८७५१६१६

आता पहिल्यापुढे दहा शून्यं, दुसऱ्यापुढे पाच, तिसरी तशीच, एकाखाली एक लिहून बेरीज. चौकटीची वही म्हटलं ती याचसाठी, एका घरात एकच अंक, नाहीतर हातचे कुठल्या कुठे जातात. उत्तर १८४४६७४४०७३७०९५५१६१६. यातून एक वजा केला की झाली आपली संख्या. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आमच्याकडे अरब-खरबच तोंडात बसलेत, त्यामुळे मी वाचतो १८४ शंख ४६ पद्म ७४ नील ४० खरब ७३ अरब ७० कोटी ९५ लाख ५१ हजार ६१५.

एवढा मोठा गुणाकार बरोबर आला का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ४२९४९६७२९६ च्या अंकांची बेरीज ५८, मग १३, मग ४. चारचा वर्ग १६, म्हणजे ७. तिकडे उत्तराच्या अंकांची बेरीज ८८, मग १६, मग ७. जुळलं. पण फक्त ९ च्या कसोटीवर विसंबू नका, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि चूक दडून जाते, आणि लिहिताना सगळ्यात जास्त हीच चूक होते. ११ ची कसोटी शेजारच्या अंकांची अदलाबदल पकडते. ४२९४९६७२९६ चे अंक उजवीकडून अधिक-उणे केले की −१८ येतं, त्यात २२ मिळवले की ४, त्याचा वर्ग १६, ११ काढले की ५. उत्तराचेही अंक तसेच अधिक-उणे करून बघा, ११ नं भागून बाकी ५ च आली पाहिजे.

आता फोडायला घ्या. एकं स्थानी ५ आहे म्हणून ५ नं भाग जातो, शेवटचे दोन अंक १५ म्हणून २५ नं नाही. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नं जातो, ९ नं नाही. ७, ११ आणि १३ साठी वेगवेगळं भागू नका, तिन्हींची एकच कसोटी आहे कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एकाआड एक अधिक-उणे करा:

६१५ − ५५१ + ७०९ − ७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६

१०१६ ला ७ नं भागलं तर बाकी १, ११ नं ४, १३ नं २. तिघंही बाद. मग १७, मग १९, मग २३ असं एक-एक मूळ संख्या घेऊन भागत जाता येईल, पण सरळ सांगतो, तो रस्ता सोडा. संख्या कशी बनली हे आपल्याला माहीत आहे, ते सोडून नुसत्या अंकांच्या मागे का लागायचं. २^६४ हा वर्ग आहे आणि १ पण वर्ग आहे, म्हणजे हा आठवीतला अ² − ब², आणि तो फुटतो (२^३२ − १) × (२^३२ + १) असा. पहिला कंस परत तसाच फुटतो, त्याचा पहिला परत, असं करत करत खाली १ पर्यंत येतो आणि हातात हे राहतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

वीस अंकी संख्या दोन मिनिटांत सहा तुकड्यांत, एकही मोठा भागाकार न करता! मी हे कितीही वेळा कुणाला दाखवलं तरी मला तितकंच भारी वाटतं.

हे तुकडे साधे नाहीत. प्रत्येक म्हणजे २ चा एखादा घात अधिक एक, आणि तो घात पण १, २, ४, ८, १६, ३२. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं सतराव्या शतकात म्हटलं होतं की अशा सगळ्या संख्या मूळ असतात असं त्याला वाटतं. ३, ५, १७, २५७ मूळ आहेत हे तुम्ही स्वतःच बघून घ्याल. ६५५३७ चं बघू, आणि ४२९४९६७२९७ तर फर्माला पण फोडता आली नव्हती, ती १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञानं फोडली.

ऑयलरची युक्ती अशी की अशा संख्येला कुठलीही मूळ संख्या उगाच भाग देऊ शकत नाही. ४२९४९६७२९७ ला भागणारी प्रत्येक मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा एकनं जास्तच असावी लागते. याची सिद्धता छोटी आहे पण तिला फर्माचं छोटं प्रमेय लागतं, म्हणून इथे नियम तेवढा घेतो. तर ६४ च्या पटी अधिक एक लिहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ न भागताच काढा, कारण ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोननं कमी, आणि जी संख्या दोन्हींना भागेल ती २ ला पण भागेल, पण इथे तर सगळं विषम. उरले चार भागाकार. १९३ नाही, ४४९ नाही, ५७७ नाही, आणि ६४१ नं भाग जातो!

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ६४१ चं एक निराळं कारण पण आहे, आणि ते मला जास्त आवडतं. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ पण. पहिल्यावरून, ६४१ नं भागताना ५ × २^७ ची किंमत −१ धरता येते, त्याचा चौथा घात केला की ६२५ × २^२८ ची किंमत १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ लिहा, म्हणजे −२^४. झालं, −२^३२ ची किंमत १, म्हणजे २^३२ + १ ची शून्य. एकही मोठी संख्या न लिहिता भाग जातो हे सिद्ध. ही चार वाक्यं वहीत नीट उतरवून घ्या, परत परत वाचायला बरी पडतात.

पण ६७००४१७ मूळ आहे का? नुसतं भागत बसलात तर तिच्या वर्गमुळापर्यंत म्हणजे २५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतील, आणि त्या शेकड्यांनी आहेत. इथे लुका या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञानं १८७८ मध्ये ऑयलरचा नियम अजून कडक केला तो कामाला येतो: ६४ नाही, १२८ ची पट अधिक एक. २५८८ पर्यंत अशा संख्या वीसच आहेत, त्यातल्या मूळ २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. २५७ आधीच बाद. बाकी चारांनी भागा, बाकी अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२ येते. कुठेच शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. सात अंकी संख्या मूळ आहे हे चार भागाकारांत पक्कं! ६५५३७ ला तर एकच लागतो: त्याच नियमानं तिथे ६४ ची पट अधिक एक चालते, वर्गमूळ २५६ च्या जरासं पुढे, तिथपर्यंत मूळ फक्त १९३, आणि १९३ नं भागून बाकी ११०. संपलं.

म्हणजे पूर्ण फोड अशी:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात मूळ अवयव, एकही दोनदा नाही. प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा असे दोनच पर्याय, म्हणून एकूण विभाजक २^७ म्हणजे १२८.

आता जी गंमत दाखवायची आहे ती मेरुप्रस्ताराची. पिंगळांच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधानं टीका लिहिली, त्यात हा त्रिकोण स्पष्ट सांगितलाय, शाळेत आपण त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणून शिकतो. तो काढा पण विषम संख्येच्या जागी १ आणि समच्या जागी ० लिहा. नियम अगदी सोपा: वरचे दोन शेजारी सारखे तर ०, वेगळे तर १, कडेला कायम १. मग प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा, म्हणजे उजवीकडून जागांच्या किमती १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जातात:

१ म्हणजे १
११ म्हणजे ३
१०१ म्हणजे ५
११११ म्हणजे १५
१०००१ म्हणजे १७
११००११ म्हणजे ५१
१०१०१०१ म्हणजे ८५
११११११११ म्हणजे २५५

हे सगळे आपल्या संख्येचे विभाजक आहेत! पुढच्या ओळी २५७, ७७१ अशा येत राहतात, पहिल्या ३२ ओळी म्हणजे ४२९४९६७२९५ चे बरोबर ३२ विभाजक, लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमानं, आणि चौसष्टावी ओळ म्हणजे ओळीनं ६४ एक, तीच आपली पटावरची संख्या. आणि याच ३२ मधला १ सोडला तर उरलेल्या ३१ संख्या म्हणजे नुसत्या पट्टी-कंपासनं काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजाकृती, जेवढ्या आजपर्यंत माहीत आहेत तेवढ्या. १७ बाजूंची काढता येते हे गाउस या जर्मन गणितज्ञानं १७९६ मध्ये १८ व्या वर्षी दाखवलं, आणि या प्रकाराबाहेरची नाहीच येत हे वॉन्झेल या फ्रेंच गणितज्ञानं १८३७ मध्ये सिद्ध केलं. लघु-गुरूंचा प्रस्तार, बुद्धिबळाचा पट आणि कंपासपेटी, तिन्हीकडे ही एकच यादी निघते, याहून मोठं नवल मला तरी माहीत नाही.

मोठेपणाचा अंदाज घ्यायचा तर घरातला गहू मोजा. हजार दाणे मोजून किचनच्या काट्यावर ठेवा, साधारण ४० ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत २५ हजार. त्यानं भागलं की पटावरचा गहू साधारण ७३,८०० कोटी टन होतो, आणि जगात सध्या वर्षाला साधारण ८० कोटी टन पिकतो, म्हणजे नऊशे वर्षांहून जास्त काळाचं पीक. चौसष्ट चकत्यांच्या हनोई मनोऱ्याला पण नेमक्या एवढ्याच चाली लागतात (तीन खुंट्या, एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही; तो खेळ त्याच लुकानं १८८३ मध्ये काढला), सेकंदाला एक चाल धरली तर साधारण ५८,४०० कोटी वर्षं, विश्वाच्या वयाच्या चाळीसपटीहून जास्त.

आता मोबाईल-कॉम्प्युटरचं. माझी भाची सातवीत आहे, तिनं २^६४ मोबाईलवर करून विचारलं, "मामा, इथे १.८४४६७४४ आणि पुढे ई १९ येतंय, बाकीचे अंक गेले कुठे?" बरोबर प्रश्न आहे. कॅल्क्युलेटर पुढचे काही अंक दाखवून बाकीचे शून्यांत ढकलतो. एक्सेल पण पंधराच अंक धरतं, त्यात ही संख्या टाकली की १८४४६७४४०७३७०९५००००० होते आणि ते काही सांगत पण नाही. त्यावर २५ ची कसोटी लावली तर उत्तर चुकीचंच येणार. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतले साधे नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच खात्रीचे. पडताळणी पायथनमध्ये करा, तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो, 2**64 - 1 लिहिलं की सगळे वीस अंक येतात. तसंही ६४ बिटांच्या खणात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या, सगळ्या ६४ जागी १.

एवढं जमलं की पुढचं काम: आपल्या संख्येत फक्त दोन मिळवा, १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे २^६४ + १. इथे अ² − ब² चा उपयोग नाही, कारण मध्ये अधिक आहे. ही संख्या फोडून १८८० मध्ये लँड्री या फ्रेंच गृहस्थानं उत्तर प्रसिद्ध केलं तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. इथे अवयव २५६ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असावे लागतात, आणि लहान अवयव निघतो २५६ × १०७१ + १ = २७४१७७, मोठा ६७२८०४२१३१०७२१. दोन्हींचा गुणाकार वहीवर करा, आधी ९ ची कसोटी लावा, मग ११ ची. ९ ची बाकी ८ आणि ११ ची बाकी ६ आली तर पुढच्या पानावर २^१२८ + १ मांडायला घ्या.